कढई उतरवायची वेळ

ऑक्टोबरातला पहिला रविवार. चर्चमधून परतल्यावर वेंडेल गोंबोत्सने कोट खुंटीला अडकवला, विजारीच्या उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला आणि कोठारातून आपली काळी सायकल बाहेर काढली. सत्तरीला टेकलेला, अंगाने भरलेला हा माणूस रविवारचं सूप चुलीवर असताना घराबाहेर पडतोय, हे लिपोवा गावात कुणी पाहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत चार जण प्रकृती विचारायला आले असते.

तशी प्रकृतीचीच गोष्ट होती, निदान सांगण्यापुरती. मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी त्याचा रक्तदाब एकदा मोजला, विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजला, आणि विचारलं, "दिवसाला कॉफी किती घेता?"

"मी घेत नाही, सून पाजते," वेंडेल म्हणाला. "फेब्रुवारीत घाण्यावर होतो. अकरा कढया काढल्या, तर अकरा वेळा तिची हाक, बाबा, कॉफी. नाही म्हटलं तर तिला वाईट वाटतं."

डॉक्टरीणबाईंनी सकाळचा एक कप सोडून बाकी कॉफी बंद केली आणि सायकल चालू केली.

पण आजच्या फेरीचं खरं कारण वेगळं होतं आणि ते त्याने देवाशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं. वेंडेलचं नाक गेलं होतं. दिसायला ते जागच्या जागी होतं, चांगलं ऐसपैस, थंडीत लाल होणारं; पण जानेवारीच्या तापातून उठल्यापासून त्याला कसला म्हणून वास येत नव्हता. लसणाचा नाही, शेणाचा नाही, तारुण्यापासून वापरत असलेल्या दाढीच्या साबणाचासुद्धा नाही.

न्हाव्याचं किंवा पाद्रीबाबांचं नाक गेलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. वेंडेल तेली होता. भोपळ्याच्या बियांचं हिरवंकाळं तेल काढणाऱ्या घराण्यातला तिसरा. बिया दळायच्या, पाणी आणि मीठ घालून लगदा मळायचा, तो मोठ्या कढईत लाकडाच्या आचेवर भाजायचा आणि मग घाण्यात पिळायचा. एवढं कुणालाही येतं. अवघड आहे ते कढई उतरवणं. मिनिटभर लवकर उतरली तर तेल कच्चं, मिनिटभर उशीर झाला तर जळकं. ते मिनिट घड्याळात नसतं, नाकात असतं. मुरा नदीच्या अलीकडची पाच गावं चाळीस वर्षं आपल्या बिया वेंडेलकडे आणत होती ती त्याच्या नाकाच्या भरवशावर.

फेब्रुवारीच्या अकरा कढया निभावल्या खऱ्या. त्याने रंगावर नजर ठेवली, लगद्याचा आवाज ऐकला, आणि नशिबाने साथ दिली म्हणा, तेल असं उतरलं की लोकांनी बाटल्या संपवून पुन्हा मागितल्या. पण नशीब दुसऱ्या हंगामातही बरोबर राहील असं त्याला वाटत नव्हतं. ऑगस्टमध्ये तर त्याने पाद्रीबाबांच्या कोशिंबिरीवर स्वतःच्या हाताने खवट तेल ओतलं होतं. पाद्रीबाबांनी नुसतं पाणी मागितलं, आणि मग पुन्हा पाणी मागितलं. उद्या सोमवारी नवा हंगाम सुरू व्हायचा होता. पहिली कढई नेहमीप्रमाणे गेझा होर्वाटच्या बियांची.

म्हणून आज ही फेरी. ब्रेझ्ये गावची डुकरं, इर्माच्या अंगणातला आलुबुखारांचा मुरंबा, टेकडीवर गेझाच्या तळघरातला आंबत असलेला द्राक्षरस. या वाटेवरचा प्रत्येक वास त्याला लहानपणापासून पाठ होता. यातला एक जरी नाकात शिरला तरी नाक अजून जिवंत आहे असं समजायचं, असं त्याने ठरवलं होतं. एकही शिरला नाही तर काय करायचं हे त्याने ठरवलं नव्हतं.

"थांबा बाबा, मी पण येते."

योलांका, त्याची सून, स्वयंपाकघरातून ॲप्रन सोडत बाहेर आली. अडतीस वर्षांची, उंच, कमी बोलणारी, आणि जे बोलेल ते एकदाच बोलणारी. घाण्याच्या दुकानाचा गल्ला, बाटल्या, लेबलं, बियांची धुणी-वाळवणी, सगळं तिच्याकडे होतं. कढई मात्र पुरुषांची, अशी गोंबोत्सांच्या घरची रीत. वेंडेलचा मुलगा मिश्को हा या रीतीतला पुढचा पुरुष. पण त्याला भाजणीच्या वासाने डोकं दुखायचं आणि तो सीमेपलीकडे ऑस्ट्रियात मोटारींच्या कारखान्यात कामाला होता.

"तू कशाला? सूप?"

"मिश्कोला सांगितलंय. चूल बंद करणं जमेल त्याला."

"मला एकट्याला जायचं होतं."

"मग मी मागून येते. एकटं वाटेल तुम्हाला."

तिने सायकलच्या टोपलीत थर्मास आणि एक पुडकं ठेवलं आणि त्याच्या मागच्या चाकात हवा आहे का हे अंगठ्याने दाबून पाहिलं. या पोरीशी वाद घालण्यात अर्थ नाही हे वेंडेलला बारा वर्षांपूर्वीच कळलं होतं.

धुकं नुकतंच वर गेलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेला मका कुरकुरत उभा होता आणि वेली सुकून गेल्यामुळे भोपळे शेतात उघडे पडले होते, पिवळे, नारिंगी, काही हिरव्या पट्ट्यांचे, जणू कुणी सामान टाकून पळून गेलंय. विजेच्या खांबांवरची करकोच्यांची घरटी रिकामी होती. एका नाल्यापाशी बदकं रस्ता ओलांडत होती. ती सावकाश गेली आणि हे दोघे सावकाश थांबले. मागच्या आठवड्यातला पाऊस अजून खड्ड्यांत होता आणि त्यात आभाळ निळं दिसत होतं. वेंडेल लांब लांब श्वास घेत पेडल मारत होता. हवा थंड आहे एवढं नाकाला कळत होतं. हवा कशाची आहे ते कळत नव्हतं.

ब्रेझ्येचे डुकरांचे गोठे लांबून दिसू लागले, तीन लांबलचक पांढऱ्या इमारती. इथे पोहोचल्यावर माणूस बोलता बोलता थांबतो, सायकलवाला पाय जोरात मारतो आणि नवी नवरी असेल तर आल्या वाटेने परत जावंसं वाटतं. वेंडेलने वेग कमी केला. छाती भरून श्वास घेतला. काही नाही. आणखी एक घेतला. काहीच नाही. योलांका मागून येत होती, म्हणून त्याने चटकन खिशातून रुमाल काढला आणि नाकावर दाबला.

"कठीण आहे बुवा," तो रुमालातून म्हणाला. "माणसाचा जीव घेतील ही डुकरं."

योलांकाने नुसती घंटी वाजवली. कदाचित पुढे कोंबडी असेल.

डुकरंसुद्धा कळेनात म्हणजे काय राहिलं, असं म्हणत वेंडेल पुढच्या वळणापर्यंत मनातल्या मनात हंगाम गुंडाळून बसला. घाण्याला कुलूप लावायचं. लोकांना काय सांगायचं? गुडघे दुखतात म्हणून सांगायचं. गुडघे दुखणं ही आब राखणारी गोष्ट आहे.

इर्मा कोलारिचच्या अंगणात धूर होता. इर्मा विधवा, वेंडेलच्याच शाळेतली, आणि तेव्हापासून त्याच्यापेक्षा एक वाक्य पुढे. अंगणाच्या मधोमध तिपाईवर तांब्याचा हंडा होता आणि त्यात पहाटेपासून आलुबुखारं रटरटत होती. इर्मा लांब लाकडी डाव घेऊन उभी होती. काम चाललेल्या घरावरून न थांबता पुढे जाणं या भागात शिवी दिल्यासारखं समजतात, त्यामुळे दोघे उतरले.

"देव हात देवो," वेंडेल म्हणाला.

"देवाला वेळ नाही, तूच ये," इर्मा म्हणाली. "हे बघ, चाळीस वर्षं लोकांच्या कढया हुंगतोस, आज माझा हंडा हुंग. झालाय का सांग. माझं नाक धुराने बधिर झालंय."

वेंडेलला हसूही आलं आणि घामही फुटला. त्याने टोपी काढली आणि हंड्यावर वाकून डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर गरम वाफ आली, एवढंच. न्हाणीघरात आल्यासारखं वाटलं.

"छान आहे," तो म्हणाला. मग तेवढ्यावर भागत नाही हे ओळखून त्याने भर घातली, "दालचिनी जरा जास्त झालीय, पण मुरल्यावर बसेल."

इर्माने डाव थांबवला. "मी दालचिनी घातलेली नाही."

"माझी आहे," योलांका म्हणाली. "सकाळी दालचिनीचे रोल केले होते, शालीला वास लागलाय. बाबांचं नाक म्हणजे काय सांगायचं. मावशी, डाव इकडे द्या बघू, तुम्ही दमलात." आणि तिने हंड्याच्या बुडापासून असं काही ढवळायला घेतलं की इर्माही खाली बघू लागली. बुडातून काळपट पदर सुटून वर आला.

"अगं बाई, लागायला लागला होता की."

"आत्ताच कुठे," योलांका म्हणाली. "लाकडं दोन कमी करा."

इर्माने लाकडं ओढली आणि वेंडेलकडे पाहिलं. "तू म्हणालास छान आहे."

"वरून छान होता," वेंडेल म्हणाला. "खालचं मला कुणी विचारलं नाही."

इर्मा इतकी हसली की तिने गरम मुरंब्याचं एक भांडं बांधून दिलं. वेंडेल हसला, पण सायकलवर बसताना त्याच्या मनात दोन गोष्टी घोळत राहिल्या. एक म्हणजे, घरी सकाळी दालचिनीचे रोल झाले नव्हते. दुसरी म्हणजे, योलांका हंड्यापासून पाच पावलं लांब उभी होती.

गेझाची टेकडी चढताना दोघांनी सायकली हातात घेतल्या. द्राक्षं काढून झाली होती, वेलींची पानं तांबूस पडली होती, आणि एका वेलीवर विसरून राहिलेला घोस दिसला तो दोघांनी मिळून खाल्ला. वेंडेलला तो गोड आणि पाणचट लागला. पूर्वी गेझाच्या द्राक्षांना एक खास, मातीसारखा वास असायचा. गोडी जिभेला कळत होती. बाकीचं सगळं त्या तापात वाहून गेलं होतं. त्याला भयंकर वाईट वाटलं, आणि एका द्राक्षापायी वाईट वाटतंय म्हणून स्वतःचाच राग आला.

गेझा होर्वाट तळघराच्या दाराशी बाकावर बसला होता. अग्निशमन दलाचा माजी प्रमुख, आवाज अजून घंटेशिवाय आग विझवायला बोलावेल असा.

"या, या. ब्रेझ्येवरून आलात ना? आता तिकडून येताना कसं मोकळं वाटतं, नाही? डुकरं गेली, पंधरा दिवस झाले. मालकाने सगळी विकून गोठे धुऊन काढले. वास औषधालासुद्धा शिल्लक नाही."

वेंडेलच्या मनात पहिल्यांदा उजेड पडला. म्हणजे वास आला नाही तो नव्हताच म्हणून. म्हणजे नाकाचा त्यात दोष नाही. हा आनंद त्याने तीन-चार सेकंद उपभोगला. मग त्याला रुमाल आठवला.

त्याने वळून पाहिलं नाही. मागे योलांका सायकल भिंतीला टेकवत होती आणि तिच्या सायकलची घंटी अगदी उगाचच एकदा वाजली.

गेझाने तळघरातल्या पिंपाचं झाकण काढून द्राक्षरस दाखवला. फसफसत होता, पृष्ठभागावर फेस होता. वेंडेल डोकं आत घालून उभा राहिला तो इतका वेळ, की गेझाने विचारलं, आत काही पडलंय का. काही पडलं नव्हतं. वासही आला नव्हता. डुकरांवर ढकलता येत होतं, पण हा रस इथे होता, जिवंत होता, त्याच्या नाकाखाली उकळत होता. आता वाटेवरचं शेवटचं ठिकाणही संपलं.

बाकापुढच्या टेबलावर योलांकाने पुडकं सोडलं. पाव, सॉसेज, उकडलेल्या घेवड्याचा वाडगा. गेझाने घरातून कांदा आणला, आणि त्याबरोबर दोन पांढऱ्या बशा. दोन्हींत तेल होतं, गडद हिरवं, कडेला तांबूस.

"आता गंमत," तो म्हणाला. "तालुक्याला नवा घाणा निघालाय, माहीत आहे ना? काचेचा पडदा आहे त्याला, आकडे दिसतात. कढई किती तापली, किती मिनिटं झाली. मेहुण्याने बाटली पाठवली. म्हणतो, आता कुणाच्या नाकावर विसंबायची गरज नाही. मी म्हटलं, आमच्या वेंडेलच्या तोंडावरच पडदा आहे, वाचता आला पाहिजे. एक बशी त्यांची, एक तुझी, फेब्रुवारीतली. सांग कुठली कुठली. मेहुण्याला फोन लावून सांगायचंय."

"हे पोरखेळ आहेत, गेझा."

"मग पोरासारखं सांग."

वेंडेलने डावी बशी उचलली, उजेडात तिरकी केली. मग उजवी. रंग एकच. दोन्ही बशांतून तेल सारखंच ओघळत होतं. पडदावाल्यांना रंग बरोबर जमला होता, मेल्यांना. त्याने एकेक नाकाशी नेऊन हुंगल्याचं केलं, शेवटी पुन्हा डावी. एक श्वास, दोन श्वास. चुकीची बशी दाखवली तर उद्या गेझाच्या पोत्यांबरोबर पाच गावांची पोती तालुक्याला जातील. आणि बरोबर दाखवली तरी ती नाणं उडवून दाखवलेली असेल. गेझा पाहत होता.

"गेझाकाका, घेवड्यावर तेल नाही," योलांका कांदा चिरता चिरता म्हणाली. "यातलं घेते हं." आणि तिने उजवी बशी उचलून सगळी घेवड्यावर ओतली, पावाच्या तुकड्याने पुसली, आणि तो तुकडा तोंडात टाकला.

वेंडेलने डावी बशी खाली ठेवली. गोंबोत्सांच्या सुनेने दुसऱ्याच्या घाण्याचं तेल घेवड्यावर ओतावं, असं जगात घडत नाही.

"ही राहिलीय ती पडद्याची," तो म्हणाला.

गेझाने टेबलावर असा हात मारला की सॉसेज उडालं. "हुंगलंसुद्धा नाहीस धड. दोन श्वासांत. थांब, मेहुण्याला फोन लावतो." तो फोन घेऊन आत गेला आणि तळघरातून त्याचा आवाज टेकडीभर ऐकू येऊ लागला.

वेंडेल घेवडा खात राहिला. मीठ कळत होतं, कांदा चावला जात होता. समोर योलांका सॉसेजचे काप करत होती, पातळ, एकसारखे, आणि त्याच्याकडे मुळीच पाहत नव्हती. तिला सगळं माहीत होतं. आजपासून नव्हे. कधीपासून, हे विचारायची त्याला हिंमत होत नव्हती.

परतीचा उतार लांबलचक आहे. एरवी वेंडेल तिथे पाय पसरून सायकल सोडून देतो. आज त्याने अर्ध्यावर ब्रेक लावला आणि भोपळ्याच्या शेताकडेला उतरला. एका मोठ्या भोपळ्यावर बसला. योलांकाने दुसरा निवडला, थर्मास उघडला आणि झाकणात कॉफी ओतून त्याला दिली.

"जानेवारीपासून मला वास येत नाही," वेंडेल भोपळ्यांकडे बघत म्हणाला.

"माहीत आहे."

"कधीपासून माहीत आहे?"

"जानेवारीपासून."

त्याने कॉफीचा घोट घेतला. "कसं कळलं?"

"तुम्ही मिश्कोचे कामाचे मोजे गळ्यात गुंडाळून बसला होतात. मफलर समजून. दोन तास."

वेंडेलने नकळत गळ्याला हात लावला.

"आणि ही जी पिताय ना," ती म्हणाली, "ही बार्लीची आहे. मार्चपासून तुम्हाला भाजक्या बार्लीचीच देतेय. रोज सकाळी म्हणता, हीच खरी कॉफी."

त्याने झाकणात डोकावून पाहिलं. काळंच होतं. त्याला हसू यायला लागलं, ते त्याने दाबलं, कारण अजून मोठी गोष्ट बाकी होती.

"पण फेब्रुवारीच्या कढया? त्या मी काढल्या. रंगावर, आवाजावर. लोक म्हणाले दहा वर्षांत असं तेल झालं नव्हतं. ते तरी माझं आहे ना?"

योलांकाने कॉफीच्या थर्मासकडे पाहिलं. वेंडेलला घाण्याची ती खोली दिसू लागली: कढईवर वाकलेला तो, आता उतरवू की थांबू या विचारात हात अडकलेला, आणि दुकानाच्या उघड्या दारातून येणारी ती हाक, बाबा, कॉफी. मग कढई आचेवर ठेवून कसं जायचं म्हणून तो वैतागून ती उतरवायचा. दर वेळी. हिला नेमकी याच वेळी कॉफी सुचते म्हणून पुटपुटायचासुद्धा.

"अकरा कढया," तो हळूच म्हणाला.

"अकरा कप," योलांका म्हणाली. "रक्तदाब माझ्यामुळे वाढला, ते खरं आहे. त्याचं मला वाईट वाटतं."

वेंडेलला आधी लाज वाटली, पार कानांपर्यंत. मग राग आला, चांगला दणकून, चाळीस वर्षांच्या अभिमानाला कुणी मांजरासारखं मानगुटीला धरून बाजूला ठेवलंय म्हणून. आणि मग, कसं कोण जाणे, नऊ महिने लपवलेलं आता लपवायला नको हे लक्षात आलं आणि त्याला इतकं हलकं वाटलं की भोपळ्यावरून उठताना त्याचा तोल गेला.

"आधी का नाही बोललीस?"

"गिऱ्हाईकांसमोर मालकाला काय सांगायचं? आणि घरात तुम्हीच बोलत नव्हतात."

"पण तू हे शिकलीस कधी?"

"बारा वर्षं गल्ल्यावर बसतेय, बाबा. दार उघडंच असतं. गल्ल्यावर बसलं म्हणून नाक बंद होत नाही."

"आणि मी मिश्कोच्या मागे लागलो. शिक म्हणून, कढई थंड पडेल म्हणून. तुला कधी..." तो थांबला. "तुला आवडलं असतं का?"

योलांकाने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. तिचे कान लाल झाले होते, आणि हे वेंडेलने बारा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

"मला विचारलंय का कुणी?" ती म्हणाली.

घरापर्यंत उरलेले चार किलोमीटर ते शेजारी शेजारी गेले, रस्ता सगळा त्यांचाच असल्यासारखे. मागून एक ट्रॅक्टर आला, तो बिचारा पार गावापर्यंत त्यांच्या मागे राहिला. घरी सूप आटून गेलं होतं. मिश्कोने चूल बंद केली होती, पण उशिरा. वेंडेलने ते दोन वाट्या खाल्लं आणि म्हणाला की त्याला काही फरक जाणवत नाही, आणि योलांकाला इतकं हसू आलं की ती टेबलावरून उठून गेली. मिश्को बराच वेळ दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

सोमवारी सकाळी गेझाची पोती आली. त्याच्याबरोबर पहिली कढई पाहायला म्हणून आणखी तिघे आले होते, इर्मासुद्धा. लगदा कढईत पडला, खाली लाकडं पेटली, आणि वेंडेलने भिंतीवरचं लाकडी फावडं काढलं. त्याच्या आजोबांचं, दांड्याला हातांनी खड्डे पडलेलं. ते त्याने योलांकाच्या हातात दिलं आणि स्वतः बाकावर बसला.

"हे काय?" गेझा म्हणाला.

"माझं नाक जानेवारीत गेलं," वेंडेल म्हणाला. त्याने रात्रभर याहून चांगलं वाक्य शोधलं होतं, पण आयत्या वेळी हेच आलं. "फेब्रुवारीचं तेल, जे तुम्ही सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, ते हिचं आहे. आजपासून कढई हिची. ज्याला पसंत नसेल त्याने पोतं उचलावं, मी गाडीवर चढवून देतो."

पोत्याला कुणी हात लावला नाही. इर्मा म्हणाली, "मला वाटलंच, दालचिनी कुठून आली." गेझाच्या कपाळावर मात्र हिशेब चालला होता.

"एक मिनिट," तो म्हणाला. "मग काल माझ्याकडे तेल कुणी ओळखलं?"

"घेवड्याने," वेंडेल म्हणाला.

गेझाला ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो हसता हसता पोत्यावर बसला, आणि मग त्याने मेहुण्याला हे अजिबात सांगायचं नाही अशी सगळ्यांना तंबी दिली.

योलांका कढईवर वाकून फावडं फिरवत होती, संथ, बुडापासून. लगदा हिरव्याचा तपकिरी होत गेला. बाकीचे नाकं वर करून हवा घेत होते, वेंडेल फक्त तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. तो बरोबर कळला त्याला, तो क्षण; तिच्या भुवया जराशा वर गेल्या आणि तिच्या तोंडून सवयीने निघालं, "बाबा, कॉफी."

सगळे खो खो हसले. कढई उतरली. घाण्याचा दाब पडला, आणि थोड्या वेळाने पन्हळीतून तेलाची पहिली जाड धार सुटली. गेझाने पाव बुडवून खाल्ला, डोळे मिटले आणि दुसरा तुकडा मागितला. दुसऱ्या पोत्याचं तोंड त्याने स्वतःच सोडलं.

हाक मारली होती तेव्हा कॉफी व्हायला हवी, म्हणून वेंडेल दुकानामागच्या छोट्या चुलीपाशी गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने घाण्यावरच्या माणसांसाठी कॉफी केली, खऱ्या बियांची, दोन वेळा उतू घालवून. साखर समजून त्याने लगद्याच्या मिठाचा डबा उघडला हे त्याला कळलं नाही. त्याने कप वाटले. गेझाने एक घोट घेतला, वेंडेलची पाठ वळण्याची वाट पाहिली आणि कप राखेत ओतला. इर्माने आपला कप खिडकीत ठेवला आणि तिथेच विसरली.

योलांकाने फावडं भिंतीला टेकवलं, कप दोन्ही हातांत धरला आणि न थांबता शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. मग तिने हाताच्या मागच्या बाजूने तोंड पुसलं.

"हीच खरी कॉफी," ती म्हणाली, आणि दुसऱ्या कढईचा लगदा मळायला लागली.